विसावा खिळा

रंगकाम निघालं म्हणून तसबिरी उतरवल्यात.
एकोणीस. भिंतीकडे तोंड करून उभ्या,
वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारख्या.
मागच्या चिठ्ठ्या कसरीनं खाल्ल्या.
डीनचा फोन आला, "मॅडम, ओळखणारं
तुमच्याशिवाय कुणी उरलं नाही आता."
हे मी कौतुक समजून घेतलं
आणि रामबागेतून रिक्षा केली.

रईस रंगारी एकेक चौकट वळवतो.
"अम्माजी, ये कौन-से साब?"

हे सरंजामे. मेडिसिन.
पहिल्याच आठवड्यात आम्हा बारा जणांना
सियागंजात घेऊन गेले, तेलाच्या वखारीत,
म्हणाले, डबे वाजवा.
डावं मधलं बोट पत्र्यावर सपाट,
उजव्याचं टोक त्यावर. मनगटातून. खांदा कशाला हलतोय?
सांगा, तेल कुठवर आहे.
हमाल हसले. शेठ गादीवरून म्हणाला,
"डाक्टर साब, ये तो हमारा मुनीम भी बता दे."
सरांनी मुनिमाला बोलावलं.
त्यानं दहापैकी दहा डबे सांगितले, कानावरचा टाक न काढता.
आम्ही तीन.
टर्मिनलच्या परीक्षेला सरांनी त्यालाच बसवलं,
स्वतःच्या शेजारी, खुर्ची देऊन.

हे गर्गे. नाही, थांब, मिशी बघू दे.
हे टिल्लू. सर्जरी.
हात सोन्याचा, जीभ वस्तऱ्याची.
माझ्या हातातला चिमटा काढून घेत म्हणाले होते,
"बांगड्या वाजतात तिथं नाडी लागत नाही."
मी बांगड्या घालतच नव्हते.
यांना उंच लाव. अजून उंच.
बघणाऱ्याची मान दुखू दे जरा.

काच तडकलीय ते दस्तूर.
कॉलऱ्याच्या साली सायकलला बाटल्या बांधून
जुन्या इंदुरातल्या विहिरीविहिरीचं पाणी गोळा करायचे.
लोकांना वाटायचं पारशीबुवा अत्तर विकतात.
एका बाईनं तर भाव विचारला होता.

दुपारपर्यंत एकोणीस लागल्या.
खिळे मात्र वीस.
"एक फोटू गुम गया क्या?"

गुम नाही रे. काढलाच नाही.
पागनीस बाई विभागप्रमुख व्हायच्या, तर
दोन महिने आधी निवृत्तीचं वय झालं,
आणि भिंतीवर फक्त प्रमुख चढतात.
रात्रीच्या प्रसूतीला, वीज गेलेली,
बाळाचे ठोके ऐकताना बाई स्वतःचा श्वास धरत.
आम्हीही धरायचो. सगळी खोली धरायची.
मग ठोका सापडला की सगळ्यांचा एकदम सुटायचा,
पोटुशीचासुद्धा.

आणि मांगीलालचा तर प्रश्नच नव्हता.
डिसेक्शन हॉलचा शिपाई.
टेबलावरच्या माणसाला पाहून पोरं खिदळली की
दार लावून घ्यायचा. हात जोडल्याशिवाय उघडायचा नाही.
फ्रेनिक नर्व्हला म्हणायचा हिचकीवाली डोरी.
पेपरात मी तेच लिहून मग खोडलं होतं.

इतक्यात टिल्लू सर खाली आले.
खिळ्यासकट, पोपडा घेऊन.
काच वाचली. चेहऱ्यावर चुना.
"दीवार पोली है, अम्माजी. कहाँ ठोकूँ?"

मी चष्मा काढला, का कोण जाणे.
डावं बोट भिंतीवर सपाट,
उजव्याचं टोक.
इथं पोकळ.
इथंही.
वीतभर सरकले. अजून चार बोटं.
थप्प.
इथं ठोक.

त्यानं ठोकला. बसला खिळा.
रईस माझ्या बोटाकडे बघत राहिला.
"आपको किसने सिखाया?"
"मुनीमजींनी."
"कौन मुनीमजी?"

पंचावन्न वर्षं झाली.
नाव विचारायचं राहूनच गेलं.

विसाव्या खिळ्याला त्यानं
आपला जेवणाचा डबा अडकवलाय.
निघताना मी तोही वाजवून पाहिला.
अर्धा.